पंचेचाळीस खोल्यांचा माणूस

वैजनाथ सरांच्या ऑफिसातल्या प्रत्येक कागदाचा खालचा उजवा कोपरा मऊ पडलेला असे. नवी फाईलसुद्धा चार दिवसांत तशी व्हायची. पान उलटताना सर अंगठा जिभेला नुसता टेकवत नसत. तो आधी खालच्या ओठावरून फिरे, मग जिभेवर जाई, आणि मग कागदावर येई. अंगठ्याला तंबाखूचा रंग होता, तो कोपऱ्यावर उतरे. तिथे मी चार वर्षं काम केलं. कागद डाव्या हाताने वरच्या कोपऱ्याला धरायचा, हे मी सगळ्यांत आधी शिकले.

ऑफिस म्हणजे परभणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. सरांचं काम ट्रेडमार्कचं. कुणी मसाला करतं, कुणी अगरबत्ती, कुणी शिकवणी चालवतं. त्याला आपलं नाव सरकारदरबारी नोंदवायचं असतं. पण नुसतं नाव नोंदवता येत नाही. ते कोणत्या वस्तूसाठी, हे सांगावं लागतं. त्यासाठी जगातल्या सगळ्या माल-सेवांचे पंचेचाळीस वर्ग पाडलेले आहेत. ज्या वर्गात अर्ज केला, त्या वर्गापुरतं नाव तुमचं. बाकीच्या वर्गांत दुसरा कुणी येऊन तेच नाव मागू शकतो, मग भांडत बसा.

सर हे फार चांगलं समजावून सांगत. "ही पंचेचाळीस खोल्यांची धर्मशाळा हाय बघा," ते म्हणत. "चौतीस खोल्या मालाच्या, अकरा कामाच्या. तुमी कोन्त्या खोलीत झोपायलाव ते मला सांगा, चावी मी देतो."

समोरचा हसे. सर मग टेबलाखालचा कप उचलत, त्यात थुंकत, कप परत खाली ठेवत. तो चहाचाच कप होता. आठवड्यातून एकदा तो मोरीत रिकामा होई आणि पुन्हा टेबलाखाली येई. मी त्या ऑफिसात चार वर्षांत एकदाही चहा घेतला नाही. मला चहा आवडत नाही असा सगळ्यांचा समज झाला, तो मी तसाच राहू दिला.

मला त्यांनी ठेवून घेतलं ते इंग्रजीसाठी. अर्जात मालाचं वर्णन इंग्रजीत लिहावं लागे, आणि मी इंग्रजी शाळेत शिकले होते. माझे वडील मला घेऊन गेले तेव्हा सरांनी तीनच प्रश्न विचारले, तेही वडिलांना. टायपिंग येतं का, इंग्रजी चांगलं का, आणि "बोलती का लय?"

"नाही हो," वडील म्हणाले. "घरीसुद्धा बोलत नाही."

"मग झालं," सर म्हणाले. तिसरं उत्तर त्यांना सगळ्यांत आवडलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. माणसांना ते वर्गाच्या आकड्याने ओळखत. मसालेवाला आला की "तीस आले", बियाणेवाला आला की "एकतीस", खतवाला "एक नंबर". मी सोळा. सोळाव्या वर्गात कागद येतो. "कोरा कागद हाय आमची पोरगी," ते ग्राहकांना सांगत, "काय बी लिवा, उमटतंय." मराठी आकडे मला पटकन कळत नसत, एकोणतीस म्हटलं की मनात मोजून ट्वेंटी-नाईनवर यावं लागे. सरांना त्याची मजा वाटे. भरल्या ऑफिसात ते मध्येच विचारत, "सोळा, एकोणचाळीस म्हंजे गं किती?" मी गप्प राहिले की बसलेले लोक हसत. त्या हसणाऱ्यांचे अर्ज मग मीच टाईप करी.

भिंतीला एक लोखंडी रॅक होतं. अर्जाबरोबर लेबल लागतं, म्हणून लोक मालच घेऊन येत. सर म्हणत, "राहू द्या, बघावा लागतो." बघणं म्हणजे खाणं. लाडवाचं पाकीट फोडायचं, अर्धा लाडू खायचा, अर्धा तसाच ठेवायचा. त्या रॅकवर मुंग्या बारा महिने असत. लोणच्याच्या बरणीत ते चमचा घालत नसत; बोट घालत, चोखत, पुन्हा घालत. तेच बोट पुसत फाईलच्या पाठीला. ज्या टाचणीने कागद टाचायचे तिनेच दात कोरत, आणि ती टाचणी परत डबीत टाकत. मी माझ्या टाचण्या पर्समध्ये ठेवत असे.

पण त्या माणसाला ते पंचेचाळीस वर्ग पाठ होते. नुसते पाठ नव्हते, कळलेले होते. निळ्या पुठ्ठ्याचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्याकडे होतं, पानं सुटलेली, दोऱ्याने बांधलेलं. दुपारी कुणी नसलं की ते त्यात डोकं घालून बसत आणि मान हलवत. मी असली विद्या कॉलेजात कुणाकडे पाहिली नाही, आणि किळस मला त्याचीच जास्त येते. अडाणी माणसाने घाण केली तर एक वेळ समजून घेता येतं.

एकदा बोरीहून एक शेतकरी आला. त्याने सायकलचं चाक लावून हाताने ढकलायचं, तण काढायचं कोळपं केलं होतं; चार गावांत त्याला मागणी होती. त्याला नाव नोंदवायचं होतं. कोळपं तो खांद्यावर घेऊन जिना चढून आला होता. आधी तो दुसऱ्या एकाकडे गेला होता, त्याने सांगितलं होतं की शेतीचं अवजार म्हणजे वर्ग सात.

सर उठले. "चालवून दावा."

"इथं?"

"मंग काय शेत आणू का वर?"

त्याने फरशीवरून कोळपं ढकललं, टेबलापासून दारापर्यंत. फरशीवर ओरखडे उठले. सर त्याच्या शेजारून चालले.

"थांबा," सर एकदम म्हणाले. तो थांबला. "तुमी थांबलाव. हे थांबलं का?"

"थांबलं की."

"माणूस थांबला की जे थांबतंय ते आठ. माणूस थांबल्यावर बी जे चालतंय ते सात. इतकंच हाय. सोळा, आठ लिही."

मला तेव्हा खरंच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पुस्तकात अर्धं पान भरून जे लिहिलं होतं ते त्यांनी त्या माणसाला सहा पावलांत दाखवलं होतं.

जाताना तो शेतकरी म्हणाला, "पुढच्या साली ह्याला बॅटरीची मोटार बसवायची हाय सर."

"बसवली की या," सर म्हणाले.

तो गेल्यावर मी हळूच विचारलं, की मोटार बसवणारच आहेत तर सातमध्येही आत्ताच अर्ज का नाही. सरांनी अंगठा ओला केला. "सगळं एकदाच वाढलं की पाहुणा परत येत न्हाई. एक खोली रिकामी ठेवायची असती. ध्यानात ठेव."

सहा-सात महिन्यांनी त्यांनी माझ्यासमोर त्याला फोन लावला. "अहो, तुमच्या कोळप्याच्या नावानं सात नंबरमधी कुनीतरी घुसायलंय. मला आत्ता कळालं. या लगोलग." असं कुणीच घुसत नव्हतं. ती यादी रोज मीच पाहत होते. माणूस दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आला. शर्टाच्या गुंड्या वर-खाली लागलेल्या, तोंडावर पाणी न मारलेलं. सरांनी त्याला पाणी दिलं, धीर दिला, "मी हाय न्हवं," म्हणाले. जाताना तो त्यांच्या पाया पडला. सरांनी पाय मागे घेतले नाहीत.

मग मला कळायला लागलं की हे सगळ्यांशीच चाललं आहे. प्रत्येक फाईलमध्ये एक वर्ग मुद्दाम सोडलेला असे. अगरबत्तीवाल्याचा एक, शिकवणीवाल्याचा एक, तेलवाल्याचा एक. पुस्तक पाठ असल्याशिवाय इतक्या नेमकेपणाने चूक करता येत नाही.

अनसूयाबाई आल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात, ताडकळसहून. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, कडक इस्त्रीचं सुती लुगडं. दोन जावांना घेऊन त्या घरी मिरचीचं लोणचं आणि काळा मसाला करत. लोणचं आधी, मसाला नंतर सुरू झालेला. दोन्हीचं नाव एकच, 'नर्मदाक्का'. नर्मदाक्का त्यांची सासू. लेबलवर तिचा जुना फोटो होता, कपाळावर भस्माचे पट्टे, नजर सरळ.

बरण्या त्यांनी धुतलेल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. फडकं उघडण्याआधी त्यांनी विचारलं, "हात धुवायला पाणी कुठं हाय?" त्या ऑफिसात हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. मी त्यांना मोरी दाखवली आणि मोरीची मला लाज वाटली.

"सासूचं नाव दिलंय का?" सर म्हणाले. "लोक सासूच्या नावानं बोटं मोडतेत, तुमी बरणीवर छापलं."

"माझं लगीन झालं तवा मला भाकर सुदिक येत न्हवती," अनसूयाबाई म्हणाल्या. "हे समदं तिचं हाय. ती गेली. आता निदान नाव तरी माझ्या हातून जाऊ ने. इतकंच काम हाय तुमाच्याकडं."

सर खुशीत होते. त्यांनी बरणी उघडली, बोट घातलं, चोखलं. अनसूयाबाईंनी त्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मिरची बगा कशी हाय," सर बोटानेच समजावायला लागले. "झाडावरनं तोडली, एकतीस. वाळवून कांडली, तीस. मुरवली, एकोणतीस. झाडापासून बरणीपत्तर एकेक पायरी खाली उतरती. देवानं केल्यासारखं हाय का न्हाई?"

"व्हय की," अनसूयाबाई कौतुकाने म्हणाल्या.

त्या गेल्यावर सरांनी सांगितलं, "तीस लिही."

मी थांबले. मसाला तीस होता. लोणचं एकोणतीस, हे त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं.

"नुसतं तीस?" मी विचारलं.

"नुसतं तीस. मसाला, चटणी. बास."

मी टाईप केलं. अनसूयाबाईंना वाटत होतं की लोणचं नोंदवायला दिलं आहे. वर्षभरात त्यांचं प्रमाणपत्र आलं, त्या पेढे घेऊन आल्या. चौकटीत लावणार म्हणाल्या. त्यावर इंग्रजीत काय लिहिलं आहे ते त्यांना वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं. मी पेढा घेतला.

इथपर्यंतचं सगळं सरांच्या नेहमीच्या रीतीत बसणारं होतं. वर्षा-दोन वर्षांनी फोन करायचा, घाबरवायचं, परत बोलवायचं. नवीन काय ते पुढे घडलं. पूर्णेचा एक व्यापारी होता, सर त्याला शेठ म्हणत. रेल्वे जंक्शनमुळे त्याचा माल चार दिशांना जाई. त्याला लोणच्यात उतरायचं होतं आणि नाव हवं होतं, "आईच्या वानी, जुनं वाटणारं".

सरांनी रॅककडे पाहिलं. अनसूयाबाईंची बरणी अजून तिथेच होती, तळाशी खार वाळलेला.

"नर्मदाक्का कसं वाटतं?" सर म्हणाले.

शेठने बरणी हातात घेतली, फोटो पाहिला. "कुनाचं हाय का हे?"

"मसाल्यात हाय. लोणच्यात न्हाई. खोली खाली हाय."

शेठ गेल्यावर सर मजकूर सांगू लागले. वर्ग एकोणतीस, लोणची, सर्व प्रकारची. माझी बोटं थांबली.

"काय झालं? लाईट गेली का?"

"सर, हे नाव त्या मावशींचं आहे. ताडकळसच्या."

"तिचं तीसमधी. हे एकोणतीस. शेजारी शेजारी राहता येतंय की."

"पण त्या लोणचंच करतात."

"तिनं बघितलं तर ना? कोन बघायलंय?" ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा गोडवा होता. "पोरी, जो झोपायलाय त्याची खोली. मी काय कुनाला उठीवलं का? लिही."

मी लिहिलं. ते मी इथे लपवणार नाही. वाक्यसुद्धा नीट जुळवलं, स्पेलिंग तपासलं. घरी जाऊन मी हात धुतले, आणि कशासाठी धुते आहे हे मला कळत होतं.

असे अर्ज मंजूर होण्याआधी दर सोमवारी निघणाऱ्या सरकारी जर्नलमध्ये छापून येतात. छापल्यापासून चार महिने कुणालाही हरकत घेता येते. जर्नल पाहणं हे माझं काम. काही महिन्यांनी एका सोमवारी ते आलं. नर्मदाक्का, वर्ग एकोणतीस, पूर्णा. खाली एजंट म्हणून सरांचं नाव.

फोनवर बोलायला मला अजूनही भीती वाटते. जेवणाच्या सुट्टीत मी झेरॉक्सच्या जिन्यात उभी राहिले, नंबर दोनदा लावून दोनदा तोडला. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला, "कोन बोलायलंय?"

"मी… वैजनाथ सरांच्या ऑफिसातली. टायपिंगवाली."

"ती मोरी दावणारी का? बोल की माय."

मी सांगितलं. कसंबसं, उलटसुलट, अर्धं इंग्रजीत.

"पर मला कागद भेटलाय की," अनसूयाबाई म्हणाल्या. "चौकटीत लावलाय."

"तो मसाल्याचा आहे, मावशी. लोणच्याचा नाही."

"तुला ठावं होतं?"

"हो."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं फोन ठेवला. मग त्या म्हणाल्या, "बरं. आता काय करायचं ते सांग."

माझ्या मैत्रिणीची मोठी बहीण परभणीतच वकिली करते. अनसूयाबाई तिच्याकडे एक पिशवी घेऊन गेल्या. पिशवीत लोणच्याची दहा वर्षांची बिलं, छापखान्याच्या पावत्या, सासू जिवंत असतानाचं पहिलं लेबल. वकीलबाईंनी दोन्ही अर्जांखाली एकाच एजंटचं नाव पाहिलं आणि खुर्चीतून उठल्याच. ह्या माणसाची तक्रार करू, म्हणाल्या. अनसूयाबाईंनी मान हलवली. "त्याला मी कुठं धूत बसू? मला माझ्या सासूचं नाव पायजे." मग हरकत दाखल झाली, आणि एकोणतीसचा त्यांचा स्वतःचा अर्जही.

हरकतीची नोटीस आमच्या ऑफिसच्या ईमेलवर आली. ईमेल मीच उघडत असे. मी छापून काढली, चार पानं होती. उत्तर द्यायला दोन महिने. शेवटची तारीख मी पेन्सिलीने वर लिहिली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. तोवर उत्तर दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

सरांनी अंगठा ओला करून चारही पानं वाचली. हसले. "बाई उठली म्हनायची. कुनी उठीवलं गं?" मी स्क्रीनकडे पाहत राहिले. त्यांनी नोटीस रॅकवर, लोणच्याच्या बरणीखाली सरकवली. "शेठला आत्ताच न्हाई सांगायचं. बातमी लोणच्यावानी असती. मुरू दिली की भाव येतो. आखरीच्या आठवड्यात सांगू, तवा बघ कसा पळत येतो."

आणि ते विसरले. दुसरं काही कारण नव्हतं. त्या दिवसांत सरांकडे खूप काम होतं, रॅकवर नवीन बरण्या आल्या, लाडू आले, कागदावर मुंग्या फिरू लागल्या. मी तारीख विसरले नाही. ती शुक्रवारी होती. सकाळी मी कॅलेंडरकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. ते टाचणीने दात कोरत होते. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर बंद केला आणि "येते सर," म्हटलं. अनसूयाबाईंचा अर्ज टाईप करताना मी गप्प बसले होते, तशीच त्या दिवशीही बसले. पहिल्या वेळची लाज मला अजून वाटते.

दीडेक महिन्याने शेठ जिना दाणदाण वाजवत वर आला. त्याने पाच हजार बरण्यांची लेबलं छापून घेतली होती आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की त्याचा अर्ज मेला.

"दोन महिने व्हते म्हनं! मला एक फोन लावता आला न्हाई तुमाला?"

सर जागचे हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या पोरीला विचारा. ईमेल ती बघती. मला दावलंच न्हाई तिनं. इंग्रजी शाळेतल्या पोरी, काय सांगावं."

शेठ माझ्याकडे वळला. मी उठले, रॅककडे गेले, बरणीखालून ते कागद काढले आणि शेठच्या हातात दिले.

"कोपरे बघा," मी म्हणाले.

चारही पानांचे खालचे उजवे कोपरे मऊ, पिवळट, वळलेले होते. प्रत्येकावर अंगठ्याचा डाग. शेठ बराच वेळ ते पाहत होता. मग त्याने कागद टेबलावर टाकले आणि हात पॅन्टीला पुसले.

"थू," तो म्हणाला. त्याच्याकडून मला याहून जास्त काही नको होतं.

शेठ गेल्यावर सरांनी कप उचलला, थुंकले, कप ठेवला. "सोळा," ते शांतपणे म्हणाले, "तुला तारीख ठावी होती."

"वर लिहिली होती सर."

"व्हय. लिवली व्हती." ते हसले, आणि त्या हसण्यात कौतुक होतं. शेठचं ते 'थू' मी विसरेन, पण ते कौतुक अजून अंगावरून जात नाही. त्यांना वाटलं मी शिकले.

महिना संपला तसं मी काम सोडलं. आता वकीलबाईंकडे असते. तिथले कागद कोरडे आहेत.

सरांना मी एकदाच पुन्हा पाहिलं, गेल्या थंडीत, ताडकळसच्या आठवडी बाजारात. अनसूयाबाईंचं नवीन प्रमाणपत्र द्यायला मी गेले होते. एकोणतीसचं. त्यांनी ते उभ्यानेच पाहिलं, माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, लुगड्याला हात पुसून मग हातात धरलं. कापडाच्या पालाखाली बरण्या रांगेत मांडल्या होत्या, पुढे चवीसाठी एक उघडी वाटी, त्यात लाकडी चमचा. त्या मला भाकरी खायचा आग्रह करत होत्या, तेवढ्यात पुढ्यात सावली पडली.

सर होते. वाळलेले, दाढी वाढलेली, बगलेत तेच निळं पुस्तक. आता ते गावोगावच्या बाजारात फिरून अर्ज गोळा करतात, असं कानावर होतं. त्यांनी मला ओळखलं, पण बोलले अनसूयाबाईंशी, जणू काहीच झालेलं नव्हतं.

"एकोणतीस झालं का? ब्येस झालं." त्यांनी बरणी फिरवून लेबल वाचलं. चमचा तसाच ठेवला, वाटीत बोट घातलं आणि चोखलं. "चव तीच हाय. पर बाई, दुकान टाकलंव तुमी, पाल लावलाय. दुकानदारी पस्तीसमधी येती. ती खोली तुमची खालीच हाय."

ते बरोबर होतं. मी मनात मोजलं, थर्टी-फाइव्ह, आणि ते बरोबर होतं.

अनसूयाबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "राहू द्या खाली," त्या म्हणाल्या. "हवा येती."

सर हसले, पुस्तक सावरत एसटीकडे चालू लागले. ते गर्दीत शिरेपर्यंत अनसूयाबाई थांबल्या. मग त्यांनी ती वाटी उचलली, पालामागे जाऊन मातीत पालथी केली, वरून पायाने माती लोटली. वाटी राखेने घासली, दोनदा पाण्याने धुतली, पदराने न पुसता उन्हात ठेवली. नवीन बरणीचं झाकण उघडलं.

मी वळून पाहिलं. एसटी अजून सुटली नव्हती. सर खिडकीशी बसले होते आणि इकडेच पाहत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मग त्यांनी अंगठा ओठावर नेला, जिभेवरून फिरवला आणि मांडीवरच्या पुस्तकाचं पान उलटलं.